गाठोड्यातला कापूस

मले एक वाईट खोड आहे. कोणतीही शिवलेली वस्तू दिसली की ती उसवून आत काय आहे ते पाह्यल्याशिवाय माह्या जिवाले चैन पडत नाई. धंदाच तसा पडला. मी कय्यूम पिंजारी. उंद्रीच्या बसस्टँडमागं माहं पत्र्याचं शेड आहे, त्यात रुई पिंजायची मशीन आहे, आणि चाळीस वर्षांत मी लोकायच्या इतक्या गाद्या उसवल्या की कोणाच्या घरात काय चालू आहे ते मले त्यायच्या नातेवाईकांपेक्षा जास्त माहीत. बायको सरवरी म्हणते, "तुमको दूसरों के गद्दे में मुंडी डालने की आदत है." म्हणू दे. ह्याच खोडीपाई तानुबाईचं कोडं सुटलं, आणि ह्याच खोडीपाई मले असं काही ऐकावं लागलं की आठवलं तर अजून कान गरम होते.

तानुबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या कारभारी नावाच्या शेतकऱ्याची माय. वय नव्वदीच्या पुढं, किती पुढं ते तिलेही माहीत नाई. माही अम्मा आणि ती जोडीनं कापूस वेचायच्या, म्हून मी तिले लहानपणापासून मोठीमाय म्हणतो. दात नाईत, पण जीभ अशी की गल्लीतलं कुत्रंही तिच्या दारातून आवाज न करता जाते.

ज्या साली गुलाबी बोंडअळी आली त्या सालची ही गोष्ट. अळी न लागणारं बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचं नाव काढायचं काम नव्हतं. पंधरा वर्षांत अळीनं आपला रस्ता शोधला. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली. असं बोंड धड उमलत नाई. त्यातला कापूस पिवळा, आखडलेला, सरकीले चिकटलेला निघते. त्याले आम्ही कवडी म्हणतो. त्या साली घरोघरी कवडीच होती. वेचणाऱ्या बायायच्या हाताले खाज सुटायची, आणि माही मशीन अळ्यायनं जाम व्हायची. मी दिवसातून चार खेपा मशीनले शिव्या द्यायचो आणि पाच खेपा अळीले.

कारभारीच्या बैठकीत असा कापूस कमरेएवढा भरला होता. तानुबाई त्या ढिगावर चढून बसायची आणि कवडी एकीकडं, बरा कापूस एकीकडं असं निवडायची. तिले कोणी सांगतलं नव्हतं, पण तिले रिकामं बसवत नाई. एक दिवस दुपारी ती उठायले गेली, पाय कापसात गुडघ्यापर्यंत रुतला, ती कलंडली आणि तिचा खुबा नेमका उंबरठ्यावर आदळला. गावभर एकच चर्चा, कापसावरून पडून कोणाचं हाड मोडते का? मोडलं ना बाप्पा. खुब्याजवळ मोडलं, सरळ दोन तुकडे.

चिखलीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आत रॉड टाकला, स्क्रू मारले. आम्हाले वाटलं, ह्या वयात बुढी टेबलावरच जाते. ती नाई गेली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर पाह्यतो काय, अश्विनी नावाची व्यायाम घेणारी पोरगी तिले वॉकर धरून उभी करून राह्यली. तानुबाई चार पावलं चालली, खिडकीपर्यंत गेली, बाहेर पाह्यलं आणि म्हणे, "इथून उंद्री दिसत नाई का वं?" सगळे हासले. मीही हासलो. हे मी माह्या डोळ्यायनं पाह्यलं आहे, ऐकीव सांगत नाई.

सुटी देताना डॉक्टरनं कारभारीले आणि मले समोर बसवून सांगतलं, "हाडाचं काम मी केलं आहे. आता काम तुमचं. या वयात हाड जुळते, पण माणूस पडून राह्यला की छातीत कफ भरते, पाठीले जखमा होते, पायातली ताकद निघून जाते. ह्या दोन-तीन आठवड्यात बुढी उभी राहून चालू लागली तर चालली. नाई तर पुढचं तुम्हाले सांगायची गरज नाई." कारभारीनं नुसती मान हालवली.

आता गादीचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

माय घरी यायच्या चार दिवस आधी कारभारी माह्या शेडमध्ये आला. म्हणे, "कय्यूम, मायले नवी गादी पाह्यजे. चांगली." मी म्हटलं, "चांगली कोठून आणू? गावात कवडीशिवाय कापूस नाई." तो घरी गेला आणि अर्ध्या घंट्यानं माळ्यावरून एक गाठोडं घेऊन आला. जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं, मोठं, पण फुलासारखं हलकं. वर अशी गाठ की माह्या नखायले सुटेना. दोन फेरे आणि आतून कसला तरी वळसा. मले दम निघत नाई. मी कातर घेतली आणि गाठ कापली.

आतून गावरान कापूस निघाला. बीटीच्या आधी आमच्याकडं जो पिकायचा तो. सरकी बोटायनं काढून ठेवलेली रुई, पांढरी, एकही डाग नाई. कारभारी म्हणे, "माय धुऱ्यावर दरसाल चार तासं लावते ना, वातीसाठी. इतका साठला असंल असं मले वाटलं नव्हतं." धुरा म्हणजे वावराचा बांध, तास म्हणजे ओळ. आता तुम्हाले सांगतो, बीटीचा धागा लांब असते, बाजार त्याच्यामागं पळते, पण गादीत तो लवकर बसते आणि गोळे होते. गावरान आखूड आणि राकट. दाबला की परत वर येते. मी पंधरा वर्षांत असा कापूस हातात घेतला नव्हता. त्याले मी त्या अळीच्या मशीनमध्ये टाकणार होतो का? अब्बांची धनुकी, हातानं रुई पिंजायचं धनुष्य, भिंतीवर टांगलेली होती ती काढली, तिची तात म्हणजे दोरी बदलली आणि दोन दिवस हातानं पिंजत बसलो. तिसऱ्या दिवशी खांदा वर होत नव्हता. पण गादी अशी झाली की मी स्वतः तिच्यावर हात फिरवत बसलो. आयुष्यातली सगळ्यात चांगली गादी, आणि हे मी म्हणून राह्यलो, जो दुसऱ्याच्या गादीले कधी चांगलं म्हणत नाई.

मायले आणलं, गादीवर ठेवलं. तिनं तळवा गादीवर फिरवला. शिवणीशी आली तिथं थांबली. मंग कारभारीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. म्हणे, "चांगली झाली गादी." आणि डोळे मिटले. मी खूश होऊन घरी आलो, सरवरीले सांगतलं की मोठीमायनं पसंत केली.

दुसऱ्या दिवसापासून ती उभी राह्यली नाई.

अश्विनी एक दिवसाआड स्कूटीवर यायची. तिचं वय पंचवीस असंल, पण बोलणं हेडमास्तरसारखं. ती झोपल्या झोपल्या पाय उचलायले लावायची, बुढी उचलायची. गुडघा वाकवायले लावायची, वाकवायची. "आता आजी, खाली पाय सोडा, उभं राहू," म्हटलं की तानुबाई शांतपणे म्हणायची, "नगं वं माय. आता कशाले." रागावून नाई, रडून नाई. जशी एखादी बाई जेवण झाल्यावर ताटावर हात धरते तशी.

घरात ज्याचा त्याचा अंदाज सुरू झाला. कारभारी म्हणे, अशक्तपणा. त्याची बायको कोकिळा म्हणे, दवाखान्यात कोणाची तरी नजर लागली, तिनं मीठ-मोहरी उतरवली. अश्विनी म्हणे, "चाचा, एकदा पडलेल्या माणसाले पडायची भीती बसते." मी म्हटलं, "पोरी, ह्या बाईनं इळा घेऊन रानडुकराले नाल्यापर्यंत पळवलं आहे. हिले भीती माहीत नाई." पण मले एक गोष्ट खाऊन राह्यली होती. दवाखान्यात चालली. घरी नाई चालत. बाई तीच, पाय तोच, रॉड तोच. मंग बदललं काय?

बदलली फक्त गादी. हा विचार मनात आला आणि मी ताटावरून उठलो.

मी कोणाले न सांगता बस धरली आणि चिखलीले गेलो. त्या वॉर्डात गेलो, रिकामी कॉट पाह्यली आणि तिच्यावर कोपर रोवून पाह्यलं. गादी किती बसते ते आम्ही कोपरानं पाह्यतो. नर्स धावत आली, "काका, काय करून राह्यले?" मी म्हटलं, "गादी पाहून राह्यलो." ती म्हणे, "पेशंट कोणता?" मी म्हटलं, "पेशंट घरी आहे." तिनं मले बाहेर काढायच्या आत मी उंचीही मोजून घेतली, तीन वीत आणि चार बोटं. गादी कडक, वर रेग्झिन, कोपर दोन बोटंही आत गेलं नाई. आणि माही गादी? तिच्यात बुढी अर्धी आत जायची. जिथं हात टेकवावा तिथं हात खाली. कापसाच्या ढिगात पाय रुतला, तसंच.

रस्त्यानं मी स्वतःले लय बोललो. घरी आलो तसा कारभारीकडं गेलो, गादीखाली सागवानी फळ्या घातल्या, कॉटच्या पायाखाली विटा लावल्या, उंची बरोबर तीन वीत चार बोटं केली. अश्विनी म्हणे, "वा चाचा, तुम्ही तर आमचं काम शिकले." मी छाती फुगवून उभा. तिनं तानुबाईचे पाय खाली सोडले, काखेत हात घातला.

"नगं वं माय. आता कशाले."

खरं सांगतो, पहिले मले बरं वाटलं. म्हटलं चला, माह्या गादीचा दोष नाई. आणि मंग बुढीच्या तोंडाकडं पाह्यलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. तिच्या टाचा लाल झाल्या होत्या. बोलताना छातीत खरखर वाजायले लागली होती. अश्विनी जाताना अंगणात कारभारीले हळूच म्हणे, "काका, अजून आठ दिवस असेच गेले तर मी येऊन काही उपयोग नाई." कोकिळा चुलीपाशी पदर तोंडाले लावून रडत होती. मोठीमाय आता जाते, हे मले त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम गेलो. कारभारी वावरात होता, उभ्या पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडायवर, रोटाव्हेटर फिरवून राह्यला होता. वेचायले काही उरलंच नव्हतं. कोकिळा मले चहा ठेवून शेजारी गेली. मी स्टुलावर बसलो. तानुबाई कुशीवर होती आणि तिचा हात गादीच्या शिवणीत होता. तिनं दोन टाक्याच्या मधून कापसाचा पुंजका बाहेर ओढला होता आणि बोटात वळून राह्यली होती, जशी वात वळते.

मी म्हटलं, "मोठीमाय, उसवायचं काम माहं आहे. तू काऊन करून राह्यली?"

ती हासली नाई. म्हणे, "कय्यूम, खरं सांगशीन?"

"सांगीन."

"डाक्टरनं कारभारीले काय सांगतलं? माह्या पाठीमागं?"

"सांगतलं की चालवा. चालली तर बुढी शंभरी गाठते."

"खोटं बोलून राह्यला तू." तिनं पुंजका माह्यासमोर धरला. "मंग हा कापूस त्यानं काऊन काढला?"

मले काही समजलं नाई. मी म्हटलं, "दुसरा चांगला कापूस नव्हता म्हून."

ती परत पुंजका वळू लागली. मंग म्हणे, "तुह्या काकाची तेरवी आठवते का तुले?"

तिचा नवरा तुळशीराम. त्याले जाऊन चौदा वर्षं झाले होते. आमच्याकडं हिंदू लोक तेरवीले मेलेल्या माणसाच्या नावानं गादी, छत्री, जोडा, तांब्या दान देते. दिलेलं त्याले तिकडं पोचते, असा त्या लोकायचा भाव आहे. ती गादी मीच शिवली होती. मी म्हटलं, "आठवते."

"ज्याले दिली त्याच्या घरी ती वर्षाच्या आत फाटली. त्याच्या बायकोनं मले बोलावून दाखवली. आतून काय निघालं, माहीत हाय तुले?"

मले माहीत होतं. त्या आठवड्यात तीन घरी तेरवी होती आणि माह्याजवळ रुई कमी होती. मी आत चिंध्या भरल्या होत्या, शर्टाच्या बाह्या, गोणपाटाचे तुकडे, वरून पातळ रुईचा थर. मनात म्हटलं होतं, दानाची गादी, हिच्यावर कोण झोपणार आहे. चौदा वर्षं मी हे कोणाजवळ बोललो नाई. सरवरीजवळही नाई. आणि ह्या बाईले सगळं माहीत होतं, आणि ती दर ईदले माह्या घरचा शिरखुर्मा खाऊन जात होती.

"माहा माणूस जन्मभर कापसात राबला," ती म्हणे, "अन् तिकडं चिंध्यावर झोपला. तुले बोलले नाई. तू बी लेकरावाणी. पण मी ठरवलं, माही गादी माह्या कापसाची. बीटी आली अन् साऱ्यायनं गावरान सोडला, मी सोडला नाई. दरसाल धुऱ्यावर चार तासं लावली, हातानं सरकी काढली, गाठोड्यात भरली. कारभारीले सांगून ठेवलं होतं, माह्या तेरवीले ह्याच कापसाची गादी करजो, अन् कय्यूमच्या समोर बसून करून घेजो."

माहे कान तेव्हा जे गरम झाले ते अजून थंड झाले नाईत.

"आता त्यानंच गाठोडं काढलं," ती म्हणे. "डाक्टरनं काही तरी सांगतलं असंल. पोरगं भोळं हाय. तोंडानं सांगवत नसंल त्याले. म्हून गादी आधीच घातली. मी म्हटलं, ठीक हाय. लेकराले तरास नगं. पडून राहू. किती दिवस लागते."

मले हासावं का रडावं समजेना. सगळ्यायनं आपापल्या परीनं चांगलं केलं होतं. पोरानं घरातला सगळ्यात चांगला कापूस काढला, मी सगळ्यात चांगली गादी केली, आणि दोघायनं मिळून त्या बाईले तिच्या तेरवीच्या गादीवर जित्तेपणी झोपवलं. वरून रोज म्हणत होतो, ऊठ.

कारभारी आला. अंगावर पऱ्हाटीचा भुसा, डोळे लाल. मी त्याले पाणी पण पिऊ दिलं नाई. त्याच्या मायसमोरच इचारलं, "ते गाठोडं कशाचं होतं बे?"

"वातीच्या कापसाचं. काऊन?"

"अजून कशाचं?"

तो उभ्या उभ्या विचार करत राह्यला. मंग त्याचं तोंड असं पडत गेलं की मी दुसरीकडं पाह्यलं. तो कॉटजवळ खाली बसला, मायचे पाय धरले आणि म्हणे, "माय, मी इसरलो वं. खरंच इसरलो. चौदा वर्षं झाले, अळीनं डोकं ठिकाणावर नाई, मले फक्त कापूस दिसला." साठीच्या वरचा माणूस, लेकरासारखा रडला.

तानुबाईनं त्याच्या डोक्यावरचा भुसा झटकला. आपल्या पोराचं खोटं तिले लगेच समजते, आणि हे खोटं नव्हतं. ते तिच्या तोंडावर मले दिसलं. पण मंग ती म्हणे, "इसरला असशीन. पण गादी तर शिवल्या गेली ना बाप्पा. शिवली म्हंजे झालं."

नव्वद वर्षांच्या बाईले तुम्ही काय समजावणार? अश्विनीचा व्यायाम तिथं चालत नाई, डॉक्टरचं ज्ञान चालत नाई. मी म्हटलं, "कारभारी, मायले खुर्चीवर बसव." दोघायनं तिले उचलून हाताच्या खुर्चीवर बसवलं, पाय खाली. मी खिशातून कातर काढली, गादी तिच्या समोर जमिनीवर टाकली आणि पहिला टाका कापला.

"काय करून राह्यला?" ती म्हणे.

"शिवणारा मी, उसवणारा बी मीच. पाहत राह्य."

मी एकेक टाका कापला. घाईनं नाई, तिले दिसंल असा. खोळ उलटी केली आणि सगळा कापूस त्याच हिरव्या लुगड्यावर ओतला. खोळीच्या कोपऱ्यातले पुंजके काढायले मी बोट घातलं तर खुर्चीवरून आवाज आला, "त्या कोपऱ्यात राह्यलं पाह्य. नाई तर तुह्याजवळ ठेवून घेशीन." ती पुढं वाकली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती स्वतः होऊन पुढं वाकली होती. तिनं हातातला वळलेला पुंजकाही टाकला लुगड्यावर. मी चारी टोकं गोळा करून गाठ मारली आणि रिकामी खोळ तिच्यासमोर झटकली.

"आता दाखव, कोठी आहे तुही तेरवीची गादी?"

ती खोळीकडं पाहत बसली.

नवी गादी मी कवडीची केली. जी कोणी घेत नव्हतं ती कवडी, कारभारीच्याच बैठकीतली. सरकी काढली, उन्हात दिली, मशीनमधून तीन खेपा काढली, मशीनले शिव्या न देता. पिवळी पडली तर पडली. हा कापूस फुलत नाई, दबून बसते, आणि मले तेच पाह्यजे होतं. खोळीत ठासून भरला, टाके दुप्पट घातले. त्या वेळेले मनात एकच गोष्ट होती की ह्यात एक चिंधी जायले नको. कारभारीले समोर बसवून ठेवलं होतं मी. तो म्हणे कशाले, मी म्हटलं बस गुमान.

तानुबाई त्या गादीवर बसली आणि म्हणे, "अबे, ही गादी हाय का धुरा?" तिनं मूठ रोवून गादीले ठोसा मारला. मूठ आत गेली नाई. मंग त्याच मुठीवर जोर दिला आणि तिचं ढुंगण गादीपासून वीतभर वर उचललं गेलं. तिचं तिलेही नवल वाटलं असंल. परत बसली आणि म्हणे, "लय कडक केली मेल्यानं."

दुसऱ्या दिवशी अश्विनी आली. काही न सांगता पाय खाली सोडले. बुढी म्हणे, "थांब वं, धरू नोको मले पोत्यावाणी," आणि वॉकर धरून उभी राह्यली. पाय थरथरत होते. अश्विनीनं वीसपर्यंत मोजलं, मी आतल्या आत मोजलं, माहे तेवीस झाले होते. चौथ्या दिवशी दारापर्यंत. दहाव्या दिवशी ओसरीपर्यंत. छातीतली खरखर गेली, जिभेची परत आली.

मले मात्र अजून कोडं आहे. ती कडक गादीनं उठली, का कापूस गाठोड्यात परत गेला म्हून उठली? दवाखान्यात कडक गादी होती तेव्हा उठली, हे खरं. पण फळ्या घालून कडक केली तेव्हा उठली नाई, हेही खरं. अश्विनीले इचारलं तर ती म्हणे, "चाचा, दोन्ही." मले असं दोन्ही पटत नाई. गादीत एक तर कापूस असते, नाई तर चिंध्या असते.

संक्रांतीच्या दिवशी मी आणि सरवरी तिळगूळ खायले त्यायच्या घरी गेलो. अश्विनीही आली होती. गाठोडं अजून बैठकीतच कोनाड्यापाशी पाटावर होतं. कारभारीची ते माळ्यावर ठेवायची हिंमत होत नव्हती. म्हणे, मायनं सांगतल्याशिवाय मी त्याले हात लावत नाई.

तानुबाई वॉकर टेकवत टेकवत आतून आली. आम्हाले वाटलं खुर्चीवर बसते. ती पाटाकडं गेली. गाठोड्याची गाठ तिच्या कमरेच्या उंचीले येत होती. तिनं एका हातानं गाठ चाचपली.

"ही कोणी मारली?"

मी म्हटलं, "मी."

"पहिली कोठी गेली?"

मी खाली पाह्यलं. "सुटत नव्हती. कापली."

"सुटत नव्हती म्हून कापली," ती म्हणे. "अन् ही पाह्य." तिनं माही गाठ एका हाताच्या दोन बोटायनं सोडवली. लुगड्याचे कोपरे पसरले, आतला पांढरा कापूस दिसला. तिनं त्यात हात घालून एकदा खालपर्यंत चाचपला. मंग दोन टोकं जवळ आणायले गेली, आणि थांबली.

अशी गाठ मारायले दोन हात लागते.

तिनं वॉकर सोडला.

अश्विनीनं हात पुढं केला आणि तो तिथंच हवेत ठेवला. कारभारी जागचा हालला नाई. सरवरीनं माहं मनगट धरलं होतं ते मले नंतर समजलं. तानुबाई दोन पायावर उभी, कोणाचा आधार नाई, मान खाली घालून आपलं काम करून राह्यली. एक फेरा. दुसरा फेरा. आतून वळसा. मंग दोन्ही हातायनं ओढली, अंगाचा जोर लावून, दोन वेळा. मी चाळीस वर्षं गाठी मारून राह्यलो, अशी गाठ मले अजून येत नाई. माहे डोळे भरले होते म्हून तो वळसा कसा घातला ते त्या दिवशीही नीट दिसलं नाई.

गाठ झाली. तिनं ती एकदा ओढून पाह्यली, आणि मंग सावकाश वॉकर धरला.

"कारभारी," ती म्हणे, "ठेव माळ्यावर. अन् आता काढायची घाई करू नोको."